हातातल्या लिनक्सवर कंट्रोल+सी मुका, अक्षरांना रंगीत कडा: अपडेटनंतर परत उपटणारी दोन दुखणी

लक्षणं आधी सांगतो, जुळली तर पुढे वाचा.

मशीन पाच ते सात इंची पडद्याचं, लिनक्सवर चालणारं, अंगठ्यांनी टाइप करायच्या कीबोर्डचं. त्यावर मराठी लेआउट बसवलेला. टर्मिनलमध्ये कंट्रोल+सी दाबलं तरी चालू कमांड थांबत नाही. ब्राउझरमध्ये कॉपी होते, शेजारच्या एडिटरमध्ये होत नाही. पासवर्ड बरोबर असूनही मशीन तो घेत नाही. दुसरीकडे पडद्यावर मराठी वाचताना अक्षरांच्या उभ्या दांड्यांना एका अंगाला लालसर, दुसऱ्या अंगाला निळसर कड दिसते, शिरोरेषा पुसट होते, आणि सेटिंगच्या खिडकीतलं ‘ओके’ बटण पडद्याखाली गडप झालेलं असतं. कोणीतरी खटपट करून हे सगळं नीट करून देतं, थोडे दिवस बरे जातात, मग अपडेट येतं आणि ये रे माझ्या मागल्या.

सगळ्यात महत्त्वाचं ते शेवटचं वाक्य. दुरुस्ती उडते, कारण ती ज्या फाइलमध्ये केलेली असते ती फाइल तुमच्या मालकीची नसते. सिस्टिमच्या फाइलमध्ये हाताने घातलेला बदल पुढच्या पॅकेजबरोबर जाणारच. म्हणून खाली प्रत्येक ठिकाणी ‘काय करायचं’ याच्या जोडीला ‘कुठे करायचं’ तेही सांगतोय. कमांडची नावं उच्चाराप्रमाणे किंवा सुट्या अक्षरांत दिली आहेत. टाइप अर्थातच रोमनमध्ये करायची.

ऐरोली, रबाळे, महापे या पट्ट्यात डेटा सेंटरमधल्या आणि एमआयडीसीतल्या नेटवर्कच्या स्विचना कन्सोल केबल लावत फिरणाऱ्यांना असलं मशीन फार सोयीचं पडतं. रॅकसमोर उभ्याने मोठा लॅपटॉप एका हातावर तोलायची सर्कस टळते, आणि परतीच्या ठाणे लोकलमध्ये उभ्या उभ्या साइटचा रिपोर्ट मराठीत लिहून होतो. म्हणजे एकाच मशीनवर दिवसभर दोन भाषा. घोळ नेमका तिथेच होतो.

आधी इंग्रजीत करून बघा

शॉर्टकट चालेनासा झाला की लेआउट इंग्रजीवर आणा आणि तोच शॉर्टकट पुन्हा दाबा. चालला, तर दोष लेआउटचा; बहुतेक वेळा उत्तर इथेच मिळतं. इंग्रजीतही नाही चालला, तर ते बटण दाबल्याची खबर लिनक्सपर्यंत पोचते का ते बघायचं. लिनक्सवर पडद्यावरच्या खिडक्या सांभाळणाऱ्या दोन व्यवस्था आहेत, नवी वेलँड आणि जुनी एक्स११. वेलँडवर त्यासाठी डब्ल्यूईव्ही हा प्रोग्राम आहे, एक्स११ वर एक्सईव्ही, आणि त्याहून खालच्या थराला ईव्हीटेस्ट, जो रूट, म्हणजे सगळे अधिकार असलेला युजर, म्हणून चालवावा लागतो. ईव्हीटेस्टमध्ये बटण दिसतं पण वरच्या थराला दिसत नाही, म्हणजे डेस्कटॉपने ते मधल्या मधे स्वतःसाठी उचललंय. त्याच्या शॉर्टकटच्या यादीत शोधा. ईव्हीटेस्टमध्येच दिसत नसेल, तर मामला कीबोर्डच्या फर्मवेअरचा, म्हणजे त्याच्या आतच बसवलेल्या प्रोग्रामचा. छोट्या कीबोर्डांवर एफएन बटण बऱ्याचदा लिनक्सला दिसतच नाही. फर्मवेअर परस्पर हिशेब करून तयार एफ३ किंवा डिलीट पुढे पाठवतं. अशा मशीनवर नुसत्या एफएनला शॉर्टकट बांधायचा हट्ट सोडून द्यावा.

आता लेआउटचा दोष म्हणजे नेमकं काय. इनस्क्रिप्टमध्ये, म्हणजे मराठीच्या प्रमाण लेआउटमध्ये, सीच्या बटणावर म बसतो, व्हीवर न, एक्सवर अनुस्वार, एवर ओकार. तुम्ही कंट्रोल+सी दाबता, प्रोग्रामच्या हाती कंट्रोल आणि म पडतात. काही प्रोग्राम समजूतदार असतात; मिळालेलं अक्षर रोमन नाही असं दिसलं की याच बटणावर दुसऱ्या लेआउटमध्ये काय आहे ते पाहतात आणि सी समजून घेतात. काही प्रोग्राम एवढे कष्ट घेत नाहीत. टर्मिनलांमध्ये तर प्रत्येकाची तऱ्हा निराळी. म्हणून एकाच मशीनवर एकीकडे कॉपी होते आणि दुसरीकडे होत नाही, आणि माणसाला वाटतं कीबोर्डच गेला.

प्रोग्रामला ही शोधाशोध करायला लेआउटच्या यादीत रोमन लेआउट हजर असावा लागतो. मराठीच्या उत्साहात इंग्रजी लेआउट यादीतून काढून टाकलेली मशीन मी पाहिली आहेत. तसं करू नका. यादीत इंग्रजी पहिला, मराठी दुसरा, हाच क्रम ठेवा. एवढ्यानेही निम्मं दुखणं उतरतं.

उरलेल्यासाठी दोन रस्ते आहेत. पहिला: सिस्टिमचा लेआउट कायम इंग्रजीच ठेवायचा आणि मराठी आयबस किंवा एफसीआयटीएक्स ५ या टायपिंगच्या प्रोग्राममधून, एम१७एन पद्धतीने आणायची. त्यात इनस्क्रिप्ट २ आहे, फोनेटिक आहे, आयट्रान्सही आहे. इथे खालचा कीबोर्ड इंग्रजीच राहतो, वरचा थर अक्षरं बदलून देतो, आणि कंट्रोल धरलेला असला की तो सहसा मधे पडत नाही. दुसरा रस्ता: एक्सकेबीचाच, म्हणजे सिस्टिमच्या स्वतःच्या लेआउट व्यवस्थेतलाच, मराठी लेआउट वापरायचा, पण लेआउट प्रत्येक खिडकीसाठी वेगळा लक्षात ठेवायला सांगायचं. केडीई डेस्कटॉपमध्ये कीबोर्डच्या लेआउट पानावर बदलाचं धोरण विचारतात, तिथे ‘खिडकी’ किंवा ‘अॅप्लिकेशन’ निवडा. ग्नोम डेस्कटॉपमध्येही प्रत्येक खिडकीला स्वतंत्र इनपुट सोर्स ठेवायची सोय कीबोर्ड सेटिंगमध्ये आहे. मग टर्मिनल इंग्रजीत राहतं, रिपोर्टची खिडकी मराठीत. माझं मत पहिल्या रस्त्याच्या बाजूने आहे. खिडकीनिहाय लेआउट कागदावर छान वाटतो, पण मोठ्या पडद्यावर कोपऱ्यातलं लेआउटचं चिन्ह दिसत राहतं आणि पाच इंची पडद्यावर ते शोधावं लागतं.

पासवर्डचा किस्सा याच्याच पोटातला. टर्मिनलमध्ये पासवर्ड टाइप करताना काही दिसत नाही, त्यामुळे तो देवनागरीत चाललाय हे कळायला मार्ग नसतो. साइटवरून फोन ठरलेला: “दादा, पासवर्ड अगदी बरोबर टाकतोय, तरी घेत नाहीये.” “युजरनेमच्या जागी टाइप करून बघ, काय उमटतंय?” “...जोडाक्षरं.” तीन-चार चुकांनंतर खातं बंद करणारी उपकरणं असतात, तेव्हा ही तपासणी पहिल्या चुकीनंतर करावी, चौथ्या नव्हे. युजरनेमच्या जागी पासवर्ड टाकू नका एवढं मात्र पाहा, ‘अबक’ काहीही चालेल. तिथे टाइप केलेलं काही उपकरणांच्या लॉगमध्ये जातं.

लेआउट बदलायचा शॉर्टकटच घात करतो

विंडोजच्या सवयीने बरेच जण लेआउट बदलायला ऑल्ट+शिफ्ट किंवा कंट्रोल+शिफ्ट लावतात. ठाण्यात माझ्या ओळखीत तर कंट्रोल+शिफ्टच जास्त, कारण दोन्ही बटणं डाव्या अंगठ्याखाली येतात. पण लिनक्सच्या बहुतेक टर्मिनलमध्ये कॉपी-पेस्ट कंट्रोल+शिफ्ट+सी आणि कंट्रोल+शिफ्ट+व्हीने होते. कंट्रोल धरून शिफ्ट दाबताक्षणी लेआउट बदलतो, शिफ्ट तिथेच खर्ची पडतो, आणि पुढच्या सीला कॉपीचा अर्थ उरत नाही. वर लेआउट मराठी होऊन बसतो ते वेगळंच. लोक टर्मिनलला शिव्या घालतात, टर्मिनल बिचारं निर्दोष.

लेआउट बदलायला सुपर+स्पेस घ्या (सुपर म्हणजे विंडोजचं चिन्ह असलेलं बटण). ग्नोममध्ये तो आधीपासून असतो. केडीईत सुपर+ऑल्ट+के असतो, तो बदलून स्पेसवर आणता येतो. सुपर बटण नसलेल्या कीबोर्डवर कॅप्स लॉक या कामाला लावावं. तसंही ते कोणाला लागतं?

बटणांची अदलाबदल करायची असेल, म्हणजे कॅप्सचा कंट्रोल किंवा न वापरलेल्या बटणाचा एस्केप, तर कीडी नावाचा छोटा प्रोग्राम वापरा. तो एक्सकेबीच्या खाली बसतो, त्यामुळे वेलँड, एक्स११ आणि नुसता कन्सोल (डेस्कटॉपशिवायचा, फक्त मजकुराचा पडदा), तिन्हीकडे सारखा चालतो. त्याची फाइल ईटीसी फोल्डरात असते आणि ती तुमची असते. यूएसआरखालच्या एक्स११ च्या एक्सकेबी फोल्डरातली लेआउटची फाइल उघडून तिथे हाताने ओळी घालायचा सल्ला अजून फिरतो, तो मुळीच ऐकू नका. एक्सकीबोर्ड-कॉन्फिगचं पॅकेज अपडेट झालं की तुमच्या ओळी गेल्या. स्वतःचा लेआउट हवाच असेल, तर वेलँडवर तो होममधल्या, म्हणजे तुमच्या स्वतःच्या फोल्डरातल्या, डॉट-कॉन्फिगमध्ये एक्सकेबी नावाच्या फोल्डरात ठेवता येतो. लिबएक्सकेबीकॉमन १.० पासून ही सोय आहे. एक्स११ चा सर्व्हर मात्र तो फोल्डर वाचत नाही.

सिरीयल कन्सोलमधून बाहेर पडता येत नाही

हे खास आमच्या कामातलं. पिकोकॉम, मिनिकॉम आणि स्क्रीन हे कन्सोल केबलवरून स्विचशी बोलायचे प्रोग्राम. पिकोकॉममधून बाहेर यायला कंट्रोल+ए आणि लगेच कंट्रोल+एक्स. मिनिकॉममध्ये कंट्रोल+ए, मग नुसता एक्स. स्क्रीनमध्ये कंट्रोल+ए, मग के. तिन्हींची सुरुवात एपासून, आणि मराठी लेआउटमध्ये ए म्हणजे ओकार. मग लोक यूएसबी केबल उपटतात. त्याने सुटका होते खरी, पण पोर्ट अर्धवट अडकून राहिला तर पुढच्या वेळी तो ‘बिझी’ सांगतो.

छोट्या कीबोर्डवर दुसरी गंमत होते. एच्या शेजारी एस. अंगठा जरा सरकला की कंट्रोल+ए ऐवजी कंट्रोल+एस जातो, आणि टर्मिनल गोठतं. काही उमटत नाही, शॉर्टकट चालत नाही, समोरचं स्विच लटकल्यासारखं वाटतं. प्रत्यक्षात कंट्रोल+एस ही ‘थांब’ म्हणायची जुनी खूण आहे. कंट्रोल+क्यू दाबा, अडकलेलं सगळं भराभर बाहेर येतं. हे नकोच असेल तर होममधल्या डॉट-बॅशआरसीमध्ये एस-टी-टी-वाय, एक जागा सोडून उणे चिन्ह, त्याला जोडून आय-एक्स-ओ-एन, अशी ओळ घाला. ही फाइल होममधली, अपडेट तिला हात लावत नाही. पण हा उपाय तुमच्या शेलपुरता. सिरीयल जोडणीत समोरचं उपकरणही ही खूण मानत असेल, तर तिथे कंट्रोल+क्यूच लागेल.

ब्रेक, म्हणजे समोरच्या उपकरणाला मधेच अडवायचा संकेत, पाठवायला मोठ्या कीबोर्डवरचं पॉज-ब्रेक बटण इथे नसतंच. मिनिकॉममध्ये कंट्रोल+ए, मग एफ. पिकोकॉममध्ये कंट्रोल+ए, मग कंट्रोल आणि उलटी तिरपी रेघ. ती रेघ कुठल्या एफएनमागे दडलीय ते रॅकपाशी जाण्याआधी घरी शोधून ठेवा. तेच सिस्कोच्या स्विचवरच्या आयओएस सिस्टिममधल्या कंट्रोल+शिफ्ट+६ चं: चुकीचा शब्द टाइप झाला की ते उपकरण तो नेटवर्कवरच्या मशीनचं नाव समजून डीएनएसमध्ये शोधत बसतं, आणि ते थांबवायला हाच शॉर्टकट लागतो.

पडदा: आधी स्क्रीनशॉट काढा

‘स्क्रीन खराब आहे’ म्हणण्याआधी एक स्क्रीनशॉट काढून तो घरच्या मोठ्या मॉनिटरवर नाहीतर मोबाइलवर मोठा करून बघा. रंगीत कडा किंवा धूसरपणा स्क्रीनशॉटमध्येही असेल, तर पडद्याचा काही संबंध नाही, सॉफ्टवेअर तसं चित्र काढतंय. स्क्रीनशॉट स्वच्छ आणि पडद्यावर मात्र खराब, तर पॅनेल किंवा त्यावर चिकटवलेलं काहीतरी. स्टेशनजवळच्या दुकानात मापाने कापून मिळणारं मॅट स्क्रीनगार्ड हे यातलं पहिलं संशयित. एवढ्या बारीक पिक्सलवर त्याचा खरखरीत पृष्ठभाग चमचमती रांगोळी काढतो. साधं चकचकीत गार्ड लावा किंवा काहीच लावू नका. उन्हात पोलराइज्ड गॉगल घालून पडदा काळा दिसत असेल, तर मशीन पाव फेरा फिरवून बघा. दिसायला लागला तर बिघाड नाहीच, एलसीडीचा प्रकाश मुळात पोलराइज्ड असतो.

सॉफ्टवेअरमधल्या रंगीत कडांचं कारण मजेशीर आहे. या मशीनमध्ये बरेचदा मोबाइलसारखं उभं पॅनेल आडवं बसवलेलं असतं. स्टीम डेक या हातातल्या गेमिंग मशीनचं पॅनेल मुळात ८०० गुणिले १२८० असं उभं, जीपीडी पॉकेट या छोट्या लॅपटॉपचं १२०० गुणिले १९२०. प्रत्येक पिक्सलमध्ये लाल, हिरवा, निळा असे तीन पट्टे असतात, आणि सबपिक्सल पद्धत ते पट्टे शेजारी शेजारी आहेत असं धरून अक्षराची कड रेखाटते. पॅनेल आडवं बसवलं की पट्टे एकाखाली एक येतात. गृहीतक कोसळतं, आणि उभ्या दांडीच्या दोन्ही बाजूंना रंग सांडतो. देवनागरीत जवळजवळ प्रत्येक अक्षराला दांडी असल्यामुळे इंग्रजी मजकुरापेक्षा मराठी मजकूर जास्त विटका वाटतो.

यावर सबपिक्सल बंद करा, साधं राखाडी अँटीअलायसिंग, म्हणजे राखाडी छटांनी कडा मऊ करणं, ठेवा. उभ्या क्रमाचा पर्यायही यादीत असतो, पण त्यात रंग दांडीवरून शिरोरेषेवर जातो असा माझा अनुभव. शिवाय मशीन उभं धरलं की पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. इंचाला दोनशे-तीनशे पिक्सल असताना सबपिक्सलची गरजही नाही. सात इंचांत १२८० गुणिले ८०० म्हणजे इंचाला सुमारे २१६, पाच इंचांत १२८० गुणिले ७२० म्हणजे सुमारे २९४. एखाद्या प्रोग्राममध्ये कडा आणि दुसऱ्यात नाहीत असं दिसलं तर गोंधळू नका: जीटीके ४ वर (खिडक्या-बटणं काढायच्या तयार साच्यावर) बांधलेले प्रोग्राम सबपिक्सल वापरतच नाहीत.

हिंटिंग ‘स्लाइट’ ठेवा. ते फक्त उभ्या दिशेने अक्षर पिक्सलच्या ओळींवर बसवतं, आणि मराठीला नेमकं तेच हवं असतं. शिरोरेषा दोन ओळींच्या मधे पडली की दोन्ही ओळी अर्धवट राखाडी होतात आणि रेषा धुरकट दिसते. एका ओळीवर बसली की ठसठशीत. पडदा मंद ठेवून वाचायची सवय असेल तर फॉन्टही एक पायरी जाड घ्या. मला एक टाइपचा मुक्ता मीडियम वजनात आवडतो. नोटो सान्स देवनागरीही वाईट नाही. फॉन्टच्या फाइल होममधल्या डॉट-लोकल, त्यातल्या शेअर, त्यातल्या फॉन्ट्स फोल्डरात ठेवा, आणि वरची सगळी निवड डॉट-कॉन्फिगमधल्या फॉन्टकॉन्फिगच्या फाइलमध्ये. स्टीम डेकवरच्या स्टीमओएससारख्या सिस्टिमवर तर दुसरा इलाजच नाही. तिथे सिस्टिमचा भाग फक्त वाचण्यापुरता असतो, आणि कुलूप काढून त्यात घातलेली पॅकेजं पुढच्या अपडेटला जातात.

धूसरपणा फक्त काही खिडक्यांतच असेल तर फॉन्ट सोडा, स्केलिंग (पडद्यावरचं सगळं किती पट मोठं दाखवायचं ते) बघा. वेलँडवर १५० टक्के स्केल लावलं की एक्स११ साठी लिहिलेले जुने प्रोग्राम आधी छोटे काढले जातात आणि मग ताणले जातात. केडीईच्या प्लाझ्मा ५.२६ पासून, म्हणजे ऑक्टोबर २०२२ पासून, डिस्प्लेच्या सेटिंगमध्ये जुन्या प्रोग्रामना स्वतःच मोठं होऊ देण्याचा पर्याय आहे. तो निवडल्यावर मजकूर स्वच्छ होतो. ज्या प्रोग्रामला मोठं होणंच जमत नाही तो बारीक दिसेल.

गडप झालेलं ‘ओके’ बटण हाही स्केलिंगचाच प्रताप. १२८० गुणिले ७२० ला २०० टक्के लावले की कामाला जागा उरते ६४० गुणिले ३६० एवढी, आणि सेटिंगच्या कित्येक खिडक्या त्यात मावत नाहीत. सुपर धरून खिडकी कुठेही पकडा आणि वर ओढा, बटण दिसेल. कायमचा उपाय म्हणजे स्केल १५० वर आणा आणि वाचायला त्रास होत असेल तर फक्त फॉन्टचा आकार वाढवा.

नुसत्या कन्सोलवर टर्मिनसचा १६ गुणिले ३२ फॉन्ट लावा. १२८० च्या रुंदीत बरोबर ८० अक्षरं बसतात, त्यामुळे ८० रकान्यांची स्विचची आउटपुट ओळ न मोडता वाचता येते. डेबियनच्या कुळात कन्सोल-सेटअपला पुन्हा कॉन्फिगर करून तो निवडला की निवड टिकते. सेटफॉन्ट कमांडने लावलेला रीबूटला जातो. कन्सोल आडवा येत असेल तर कर्नलला एफबीकॉन रोटेटचा १ किंवा ३ हा पर्याय द्यावा लागतो. तो ग्रबच्या (मशीन सुरू होताना कर्नल चढवणाऱ्या प्रोग्रामच्या) तयार सीएफजी फाइलमध्ये लिहू नका, ती फाइल प्रत्येक नव्या कर्नलबरोबर नव्याने बनते. ईटीसीमधल्या डिफॉल्ट फोल्डरात ग्रब नावाची फाइल आहे, तिथे लिहा आणि अपडेट-ग्रब चालवा.

राहता राहिले त्याच कन्सोलवर मराठी फाइलनावांच्या जागी दिसणारे चौकोन. ते तसेच दिसणार. कन्सोलच्या फॉन्टमध्ये जास्तीत जास्त ५१२ चिन्हं मावतात आणि जोडाक्षरं जुळवायची सोय त्यात नाही. डेस्कटॉपवर परत यायला कंट्रोल+ऑल्ट+एफ१ किंवा एफ२, एफएनसह. डेस्कटॉपच पडला असेल आणि ती फाइल उचलायचीच असेल, तर एलएस कमांडला उणे आय जोडून इनोडचा आकडा (सिस्टिमकडचा फाइलचा क्रमांक) काढा आणि फाइंडला उणे आयनम देऊन त्या आकड्यावरून फाइल पकडा. नाव टाइप करायची गरज पडत नाही.